सुई आहे, परवानगी कुठे आहे?

२०२१ साल आठवा. कोरोनाची लस घ्यायला आपण शाळेच्या खोलीत, समाजमंदिरात, नाही तर आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात रांगा लावून उभे होतो. लस टोचून झाली की सिस्टर म्हणायच्या, ‘‘काका, अर्धा तास बाकावर बसा, लगेच उठू नका.’’ कुणी कुरकुर केली, कुणाला म्हशी सोडायच्या होत्या, कुणाचं मोटारीचं पाणी वाहात होतं. पण बसावं लागलं. कशासाठी बसवलं, हे फारच थोड्यांनी विचारलं.

त्या बाकाशेजारी टेबलावर एक छोटी पेटी असायची. पेटीत सिरिंज, सुया आणि ॲड्रेनलिन नावाच्या औषधाच्या दोन-चार कुप्या. लाखात एखाद्याच्या अंगाला लस मानवत नाही, आणि मानवली नाही तर तो माणूस अर्ध्या तासाच्या आत कोसळण्याचा संभव असतो. त्या एकासाठी ती पेटी होती आणि बाकीच्या सगळ्यांना बाकावर बसवलं होतं. ही व्यवस्था चांगली होती. बालकांच्या लसीकरणात आजही ती आहे. लसीनंतर अशी रिअॅक्शन आली तर आपल्या उपकेंद्राच्या आरोग्यसेविकेने डॉक्टरची वाट न बघता ॲड्रेनलिनचा एक डोस मांडीत द्यावा आणि मग रुग्णाला पुढे पाठवावे, अशी केंद्र सरकारची मार्गदर्शक सूचना आहे.

आता शेतकरी बंधूंनो, याच उपकेंद्रावर दुसरी गोष्ट घडली असे समजा. बांधावरच्या उंबरावर आग्या मोहोळ आहे. कुणी तरी पाचट पेटवले, धूर झाडाला लागला आणि मोहोळ उठले. ऊस तोडणाऱ्या बाईला पाच-सात माश्यांनी डंख मारले. बाकीच्यांना सूज आली, आग आग झाली, पण या बाईच्या अंगावर मिनिटाभरात पित्त उठले, ओठ सुजले, आवाज बसला आणि ती चक्कर येऊन खाली पडली. लोकांनी तिला मोटारसायकलवर मध्ये धरून उपकेंद्रावर आणले. सिस्टर तीच, कपाट तेच, आत कुपीही तीच. पण लेखी परवानगी आहे ती लसीच्या रिअॅक्शनची. मधमाशीच्या डंखाबद्दल त्या कागदात शब्द नाही. सिस्टरने सुई दिली आणि उद्या काही बरेवाईट झाले तर तिच्या पाठीशी कोण? मग ती बिचारी म्हणते, ‘‘तालुक्याला घेऊन जा.’’ आपण तिलाच दोष देतो. खरे तर दोष नियमातल्या त्या रिकाम्या जागेचा आहे, आणि आजचा हा अग्रलेख त्या रिकाम्या जागेबद्दल आहे.

आधी हा आजार काय आहे ते नीट समजून घेऊ. शरीर परक्या वस्तूशी लढते, हे चांगलेच. पण काही जणांचे शरीर एखाद्या वस्तूवर गरजेपेक्षा कितीतरी जास्त चिडते. मधमाशी किंवा गांधीलमाशीचे विष, शेंगदाणा, मासे, पेनिसिलीनचे इंजेक्शन, काहीही निमित्त होऊ शकते. शार्ल रिशे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९०२ साली या प्रकाराला ॲनाफिलॅक्सिस हे नाव दिले आणि त्या कामाबद्दल त्यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. यात रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब उतरतो, घसा आणि श्वासनलिका आवळत जातात. ओळखायच्या खुणा साध्या आहेत. अंगावर गांधी उठणे, ओठ-जीभ-डोळे सुजणे, आवाज घोगरा होणे, छातीत घरघर, थंड घाम, उलटी, डोळ्यांपुढे अंधारी. डंखाच्या जागी नुसती सूज आली तर घाबरायचे कारण नाही. पण डंख हाताला आणि त्रास श्वासाला, असे दिसले की एक मिनिटही दवडू नये.

मिनिटाचे बोलतो ते उगीच नाही. इंग्लंडमध्ये अशा रिअॅक्शनने दगावलेल्या लोकांच्या नोंदी तपासून २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदय किंवा श्वास बंद पडायला साधारण किती वेळ लागला, हे त्यात पाहिले होते. इंजेक्शनच्या औषधाने रिअॅक्शन आली तर ५ मिनिटे, माशीच्या डंखाने १५ मिनिटे, खाण्यातून आली तर ३० मिनिटे. आता तुमच्या वस्तीवरून तालुक्याचे ठिकाण किती लांब आहे ते तुम्हीच मोजा. १०८ ची गाडी अर्ध्या तासात आली तरी आपण तिला वेळेवर आली म्हणतो, आणि ते चूक नाही. पण डंखाची १५ मिनिटे त्याआधीच संपलेली असतात.

आणि या रोगावर पहिले औषध एकच, ते म्हणजे ॲड्रेनलिन. आपल्याकडे डंख झाला, पित्त उठले की ‘‘एविल आणि डेक्सा मारली, आता बरं वाटेल’’ असे म्हणायची सवय पडली आहे. ती औषधे खाज आणि सूज कमी करतात. पडलेला रक्तदाब ती उचलत नाहीत, आवळलेला श्वास मोकळा करत नाहीत. ते काम ॲड्रेनलिनचे, आणि तेही मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत दिले तर. मोठ्या माणसाला अर्धा मिलिलिटर, मुलाला वजनाप्रमाणे कमी. कुपीची किंमत दोघांच्या चहा-भज्याएवढी.

कुणी म्हणेल, हे मुंबईकडचे लाड आहेत. तर मग मुंबईचेच बघू. आपल्या प्रत्येक गावातली चार घरे तरी अंधेरीला आहेत. कुणी मरोळच्या कारखान्यात, कुणी सीप्झमध्ये, कुणी रिक्षावर. अंधेरीत एखाद्याला हॉटेलात कोळंबी बाधली तर विलेपार्ल्याचे कूपर रुग्णालय आहे, जोगेश्वरीचे ट्रॉमा रुग्णालय आहे, गल्लोगल्ली नर्सिंग होम आहेत. रस्त्यात गाड्यांची कोंडी असते हे खरे, पण वाटेत दहा दरवाजे आहेत. त्याच अंधेरीच्या पूर्वेला मरोळ-मरोशी ओलांडली की आरे वसाहत लागते. तिथल्या पाड्यांवर वारली, कोकणा, कातकरी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, परसात भाजीपाला लावतात, पावसाळ्यात भात करतात. तिथे साप निघतो, मोहोळ उठते, आणि काही पाड्यांवरून आजारी माणसाला आधी चालत किंवा झोळीतून रस्त्यापर्यंत आणावे लागते. म्हणजे शहराच्या पोटातही आपल्यासारखेच गाव आहे. अंतर मैलात मोजून उपयोग नाही, सुई किती मिनिटांवर आहे ते मोजावे लागते.

सापाचा विषय निघालाच आहे तर तोही इथेच बोलू, कारण त्याचा या सुईशी जवळचा संबंध आहे. भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे मरतात, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात आला. मरणारा बहुतेक खेड्यातला, शेतात राबणारा. सापाच्या विषावरची लस घोड्याच्या रक्तापासून बनते. परळच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामामुळे आपल्या घराघरात ठाऊक आहे. घोड्याच्या रक्तातली प्रथिने माणसाच्या अंगात गेली की काहींना तीच ॲनाफिलॅक्सिसची रिअॅक्शन येते. त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रावरचा तरुण डॉक्टर कचरतो. लस कपाटात असते, रुग्ण खाटेवर असतो, आणि तरी चिठ्ठी लिहिली जाते, ‘पुढील उपचारासाठी रवाना’. वाटेत विष आपले काम करत राहते. वास्तविक सर्पदंशाच्या राष्ट्रीय उपचारपद्धतीत हे स्पष्ट लिहिले आहे की लस सुरू करण्याआधी ॲड्रेनलिन सिरिंजमध्ये भरून हाताशी ठेवा, रिअॅक्शन दिसताच लस थांबवा, ॲड्रेनलिन द्या, रुग्ण सावरला की लस पुन्हा सुरू करा. भीतीवरचा उपाय कागदावर आहे. तो हातात उतरलेला नाही.

उपचाराची ठरलेली पद्धत गावात उतरली की काय होते, याचा दाखला आपल्याच महाराष्ट्रात आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रावर रुजू झाले. लाल विंचू चावलेली माणसे कोकणात तेव्हा पटापट मरत होती. त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून नोंदी केल्या, विष हृदयावर काय करते ते जगापुढे मांडले आणि प्राझोसिन या साध्या गोळीचा उपचार रुळवला. शंभरात चाळीसच्या घरात असलेले मृत्यू एक-दोनावर आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एक गोळी आणि ती कधी द्यायची याचे चार ओळींचे शास्त्र, एवढ्यावर हे घडले.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींना त्याचा उपयोग आहे. १९८९ साली परमानंद कटारा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सरकारी असो की खाजगी, प्रत्येक डॉक्टरने अत्यवस्थ माणसाचा जीव वाचवण्याचा प्रयत्न आधी करायचा, बाकीचे सोपस्कार नंतर. पुढे बंगालचे प्रकरण आले. हकीम शेख हा शेतमजुरांच्या संघटनेचा सभासद १९९२ च्या जुलैत रेल्वेतून पडला, डोक्याला मार लागला. आरोग्य केंद्राने पुढे पाठवले, मग एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही म्हणून परत लावले. शेवटी खाजगी दवाखान्यात पदरचे पैसे घालून तो वाचला. १९९६ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला २५ हजार रुपये भरपाई दिली आणि निकालात म्हटले की वेळेवर उपचार न देणे हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, पैसा नाही ही सबब राज्याला सांगता येणार नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रावर तातडीचा पहिला उपचार मिळालाच पाहिजे, असेही न्यायालयाने बजावले. हा निकाल एका शेतमजुराने मिळवून दिला आहे, हे आपण विसरू नये.

२००६ साली विधि आयोगाने आपल्या २०१ व्या अहवालात तातडीच्या उपचारांसाठी कायद्याचा नमुनाच तयार करून दिला. शेजारच्या गुजरातने २००७ साली आपत्कालीन वैद्यकीय सेवेचा स्वतंत्र कायदा केला. आपल्याकडे २०१४ च्या जानेवारीत ९३७ रुग्णवाहिका घेऊन १०८ ची सेवा सुरू झाली. प्रत्येक गाडीवर डॉक्टर, ही तिची जमेची बाजू. कितीतरी बाळंतिणी आणि अपघातग्रस्त या गाडीने वाचवले, ते नाकारून चालणार नाही. पण ही सेवा शासन निर्णयावर आणि कंत्राटावर उभी आहे. गाडी येईपर्यंतच्या पंधरा मिनिटांत गावातल्या माणसाने काय करायचे, कुणाला कोणते औषध देता येईल, चूक झाली तर त्याला संरक्षण काय, हे ठरवण्याचे काम कायद्याचे आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन मदत करणाऱ्याला संरक्षण मिळाले, पण ते रस्त्यावरच्या वाहन अपघातापुरते. बांधावर मधमाशी चावली तर ते कलम लागू होत नाही.

परदेशात काय केले? कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात सॅब्रिना शॅनन नावाची तेरा वर्षांची मुलगी २००३ साली शाळेतल्या उपाहारगृहातले खाणे बाधून गेली. प्रांताने २००५ साली तिच्याच नावाचा कायदा केला. प्रत्येक शाळेत शिक्षकांना शिकवायचे, औषध ठेवायचे, आणि मूल कोसळत असेल तर आधी परवानगी घेतलेली नसली तरी शिक्षकाने सुई द्यायची. सद्हेतूने दिली तर त्याच्यावर दावा नाही. इंग्लंडच्या २०१२ च्या औषध नियमांत तर जीव वाचवण्यासाठी ॲड्रेनलिनचे इंजेक्शन कुणीही देऊ शकतो, असे लिहून ठेवले आहे. तिथे पेनासारखी तयार सुई मिळते, आपल्याकडे ती सहज मिळत नाही, हा फरक आहे. पण कुपी आणि सिरिंज तर आपल्याकडेही आहे.

डॉक्टर मंडळींचा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. ॲड्रेनलिन म्हणजे खेळ नव्हे. शिरेत भलत्या मात्रेने गेले तर हृदयाला धोका. विंचू चावलेल्याला तर त्याची भीती अधिक, कारण तिथे शरीरात हीच द्रव्ये आधीच उसळलेली असतात. म्हणून आम्ही हे औषध किराणा दुकानात ठेवा म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच की ज्या आरोग्यसेविकेवर लसीच्या वेळी सरकारने विश्वास टाकला, तिच्यावर डंखाच्या वेळीही टाकावा. रिअॅक्शन तीच, खुणा त्याच, औषध तेच, मात्रा तीच, मांडीही तीच. मग कारण लस होते की माशी, यावरून परवानगी का बदलावी?

तेव्हा सरकारकडे आमच्या तीन मागण्या आहेत. पहिली, आरोग्यसेविका, समुदाय आरोग्य अधिकारी आणि उपकेंद्रावरचे आरोग्यसेवक यांना कोणत्याही कारणाच्या ॲनाफिलॅक्सिसमध्ये ॲड्रेनलिनचा पहिला डोस देण्याची लेखी परवानगी द्यावी, आणि त्यासाठी वर्षातून एकदा प्रत्यक्ष हाताने सराव घ्यावा. दुसरी, ही पेटी उपकेंद्र, आश्रमशाळेचा दवाखाना आणि साखर कारखान्याचा दवाखाना इथे सक्तीची करावी. तिसरी, सद्हेतूने मदत करणाऱ्याला जे संरक्षण रस्त्यावर आहे, तेच शेतात, शाळेत आणि घरात मिळावे. यासाठी विधिमंडळाने आपत्कालीन उपचारांचा राज्याचा स्वतंत्र कायदा करावा. नमुना तयार होऊन वर्षे लोटली आहेत.

पण मुंबईचा कायदा होईपर्यंत गावाने हात बांधून बसायचे नाही. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनी (यांना आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो) येत्या ग्रामसभेत चार प्रश्न विचारावेत. आपल्या उपकेंद्रात ॲड्रेनलिन आहे का? कुपीवरची मुदत कधी संपते? सिस्टर गावात नसतील तेव्हा कपाटाची किल्ली कुणाकडे? प्राथमिक आरोग्य केंद्रावर सर्पदंशाची लस किती कुप्या आहे? उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या. ग्राम आरोग्य समिती कागदावर सगळीकडे आहे, तिला हे काम द्या. पोलीस पाटलांनी गावातल्या तीन-चार चारचाकीवाल्यांचे मोबाईल नंबर उपकेंद्राच्या दारावर लिहून ठेवावेत.

आणि तुम्ही स्वतः? मोहोळ उठले तर तोंड-डोके कापडाने झाकून लांब पळा, जागेवर हात झाडत उभे राहू नका. काटा अंगात रुतला असेल तर लगेच खरवडून काढा, चिमटा शोधत बसू नका. माणसाला चक्कर येत असेल तर उताणे निजवून पाय वर करा, पाणी पाजायला उठवून बसवू नका, चालवत तर मुळीच नेऊ नका. दम लागत असेल तर टेकून बसू द्या. १०८ लावा आणि त्याच वेळी जवळच्या डॉक्टरकडे निघा. तिथे पोचल्यावर ‘‘माशी चावलीय’’ एवढेच सांगू नका, ‘‘श्वासाला त्रास होतोय, रिअॅक्शन आहे’’ असे स्पष्ट सांगा. आणि ज्याला एकदा असा त्रास झाला आहे त्याच्या घरच्यांनी ते प्रत्येक डॉक्टरला आधीच सांगावे.

शेवटी हिशोबाची एक गोष्ट. शेतात काम करताना शेतकरी साप चावून मेला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेतून त्याच्या वारसाला २ लाख रुपये मिळतात. तलाठ्याचा दाखला, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, सातबारा, सगळी कागदपत्रे जोडावी लागतात, आणि आपले अधिकारी ती मनापासून जोडूनही देतात. मेल्यावर एवढी तत्परता दाखवणाऱ्या आपण सगळ्यांनी, म्हणजे सरकारने, पंचायतीने आणि गावाने, माणूस अजून श्वास घेत असताना चहा-भज्याच्या किमतीच्या एका कुपीची आणि एका ओळीच्या परवानगीची तजवीज करायला नको का? येत्या ग्रामसभेला जाल तेव्हा पहिला प्रश्न तुम्हीच विचारा.